कप्तानचा रेडा

“मेलेल्याला परत मारलंय,” हिरी म्हणाली आणि तिने कोंबडीची तंगडी ताटलीत उलटी करून पाहिली.

तंगडी वरून काळी ठिक्कर होती. हिरीने दोन बोटांनी ती उघडली, तर आत हाडापाशी लाल पाणी. कप्तान टेबलाच्या पलीकडे उभे होते. अंगावर पांढरा एप्रन, हातात वीतभर लांब चिमटा आणि डावी भुवई अर्धी जळालेली.

“हिराबाई, पहिली फेरी आहे,” ते म्हणाले. “नव्या जहाजाची पहिली फेरी अशीच जाते.”

“जहाज तर बुडालं, कप्तान. मी आत जाऊन पिठलं टाकते.”

मी नारळाच्या आळ्यात पाणी सोडत होतो. हसू आवरेना म्हणून तोंड फिरवून फावड्याने उगाच माती ओढली.

कप्तान कर्णिक तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. बायको गेल्यावर ते चौलकडच्या आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीत येऊन राहिले. हिरी त्यांच्याकडे रांधायची, मी वाडी बघायचो. दोघेही कातकरी, पण वाड्या वेगळ्या. माझी डोंगराकडची, तिची खाडीकडची. कप्तानच्या मुलीने अमेरिकेतून ते यंत्र पाठवलं होतं. माणसाच्या कमरेइतकं उंच, तीन पायांचं, दोन चाकांचं, काळं तुकतुकीत. खाली गोल भांडं, वर तसंच गोल झाकण. आत जाळीवर मांस ठेवायचं आणि खाली कोळसा पेटवायचा. झाकण घातलं की लांबून बसलेल्या रेड्यासारखं दिसायचं. हिरीने पहिल्याच दिवशी त्याला रेडा म्हटलं आणि मग कुणीच त्याला दुसरं नाव घेतलं नाही. कप्तानही म्हणायचे, “गोमा, रेड्यावर ताडपत्री टाक. दव पडतंय.”

त्या दिवशी संध्याकाळच्या आधी मी विहिरीवर गेलो. हिरी भांडी घासत होती. मला जे विचारायचं होतं ते मी आधी दोनदा विचारलेलं होतं. एकदा ती हसली होती आणि एकदा तिने बादली उचलायला लावली होती.

“हिरे,” मी म्हटलं, “तुझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. माझी बायको बारकी जाऊन आठ. माझी पोर पेणला दिलेली, तिच्या घरी सुखात हाय. आता आपण दोघं—”

“तुला भाकरी थापायला बाय पायजे,” हिरी म्हणाली.

“तसं नाय.”

“मंग कसं?”

ती राखेने कढई घासत राहिली. मग कढई उपडी घातली आणि माझ्याकडे वळली.

“ऐक. सात वर्षांची होते तवापासून रांधतेय. आधी भावांना. मंग कोळशाच्या भट्टीवर नवऱ्याला आन त्याच्या आठ माणसांना. आता कप्तानला. माझ्या हातचं खाल्लेली माणसं मोजली तर अलिबागची जत्रा भरेल. पण मला कुणी रांधून घातलेलं मला आठवत नाय. आईचं तेवढं. जो मला रांधून घालील, त्याच्या घरी मी जाईन.”

“चहा येतो मला,” मी म्हटलं.

“चहा नाय चालायचा.”

“भात?”

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझ्या भाताची गोष्ट तिला तिच्या भावाने, शिनवारने, सांगितलेली होती. शिनवार आणि मी एकाच भट्टीवर पाच वर्षं होतो. एकदा सगळी बायामाणसं पाणी आणायला गेली आणि मला भाताच्या हंडीवर बसवलं. झाकणातून वाफ जायला लागली. वाफ जाते म्हणजे काही तरी वाया जातंय, असं माझ्या हाताला वाटलं. मी ओली माती आणली आणि हंडीचं तोंड लिंपून टाकलं. हंडी फुटली तेव्हा भात शिनवारच्या पागोट्यापर्यंत उडाला होता.

“चांगलं पोटभर जेवण,” हिरी म्हणाली. “एकट्याने केलेलं. मी चुलीला हात लावणार नाय आन माझ्या मसाल्याच्या डब्याला तू हात लावायचा नाय.”

मी वाडीत परत आलो तेव्हा कप्तान रेड्याशेजारी खुर्ची टाकून यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचत बसले होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण दुसरं कोण होतं?

कप्तान ताठ बसले. “म्हणजे लग्नाचा प्रश्न आहे.”

“हो.”

“मग कोंबडी भाजून चालणार नाही. हे बघ.” त्यांनी पुस्तकातलं चित्र माझ्यासमोर धरलं. “याच भांड्यात मांस धुरावर शिजवता येतं. कोळसा एका अंगाला, मटण दुसऱ्या अंगाला. मटणाच्या खाली पाण्याची थाळी. आग मटणाला दिसतासुद्धा कामा नये. नुसती ऊब आणि धूर. झाकण बंद. सहा तास.”

“सहा तास धूर सांभाळायचा?”

“जमेल?”

मला हसू आलं. मी जन्मभर दुसरं केलं काय होतं? दिवाळी झाली की आम्ही घाटावर भट्ट्या लावायला जायचो. लाकूड रचायचं, वर पाला घालायचा, पाल्यावर माती लिंपायची आणि आत आग सोडायची. मग दहा-दहा दिवस नुसता धूर बघायचा. पहिला धूर पांढरा आणि दाट, कारण लाकडातलं पाणी निघतं. मग पिवळट, डोळ्यांना झोंबणारा. आणि शेवटी एका सकाळी तो निळा होतो. पातळ, दिसला तर दिसला असा. आत काय चाललंय ते उघडून बघता येत नाही. धूर सांगेल ते खरं.

“आकडे मला येत नाहीत,” मी म्हटलं. झाकणावर घड्याळासारखी एक चकती होती, तिच्यात काटा फिरायचा.

कप्तानने खिळा घेतला आणि चकतीच्या कडेला ओरखडा काढला. “काटा इथे राहिला पाहिजे. पुढे गेला तर आग जास्त, मागे आला तर कमी. बस्स.”

बुधवारी हिरी बाजाराला गेली तेव्हा आम्ही तालीम केली. कप्तानने बोकडाचा फरा, म्हणजे खांद्यासकट पुढचा अख्खा पाय, आणला होता. बाजारचा कोळसा मी हातात घेतला, एकावर एक वाजवून पाहिला. चांगला कोळसा काचेसारखा वाजतो. हा मडक्यासारखा बद बद वाजत होता. तरी पेटवला. वर जांभळाची दोन ढलपी ठेवली. फरा जाळीवर, खाली थाळी, झाकण बंद. कप्तान म्हणाले, “मी जरा आडवा होतो. जहाज तुझ्या ताब्यात.”

धूर आधी पांढरा आला. मग पिवळट. तासाभरात तो निळा झाला आणि माझे हात आपोआप हलले. झाकणावरच्या भोकांची पत्र्याची झडप फिरवून ती बंद केली. खालचा दांडा ओढून खालची भोकं बंद केली. पाट्याजवळचं ओलं फडकं झाकणाच्या कडेला गुंडाळलं. मग चिंचेखाली बसून बिडी ओढली. काम अगदी चोख झालं होतं.

तीन तासांनी कप्तान जांभया देत आले आणि आम्ही झाकण उघडलं. कोळसा विझलेला. फरा थंड. वरून थोडा पिवळा पडलेला, बाकी खाटकाकडून आला तसाच.

आणि हिरी बाजारातून लवकर परत आली.

तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. फऱ्याला बोट लावलं. वास घेतला.

“धुरी दिलीत व्हय?” ती म्हणाली. “बाळंतिणीला देतात तशी? काय झालं, मुलगा का मुलगी?”

कप्तान दुसरीकडे बघू लागले. त्या रात्रीच्या जेवणाला तिने त्याच फऱ्याचा रस्सा केला आणि मला वाढताना म्हणाली, “खा, बाळंतिणीचं हाय.”

ती गेल्यावर कप्तानने विचारलं, “गोमा, भोकं बंद का केलीस रे?”

“निळा धूर आला. निळा आला की बंद करायचं. घटकाभर उशीर झाला तर आत कोळशाची राख होते.”

कप्तानने चष्मा चढवला. मग पुस्तक उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, जसं काही मला वाचता येत होतं. “इथे लिहिलंय, निळा धूर येईपर्यंत थांबा. निळा आला की मग मटण आत ठेवा. आणि तो निळाच ठेवा, शेवटपर्यंत.”

“म्हणजे आमचं जिथं संपतं—”

“तिथं याचं सुरू होतं. हो.”

मला झोप आली नाही. पन्नाशी जवळ आलेली. एवढी वर्षं ज्या धुरावर मी सगळं बंद करून घरी गेलो, त्याच्या पुढचं मला काहीच ठाऊक नव्हतं.

रविवार ठरला. बाजारचा कोळसा मी वापरणार नव्हतो. वाडीमागे एक छोटा खड्डा खणला, पडलेल्या बाभळीची लाकडं रचली आणि तीन दिवसांत माझा मी कोळसा पाडला. टोपलीतून नेताना तो पैंजणांसारखा वाजत होता. शनिवारी संध्याकाळी फऱ्याला मीठ चोळलं. लसूण आणि सुकी मिरची पाट्यावर वाटली. हिरी दारातून बघत होती.

“पाटा असा धरतात? त्याला गुदगुल्या होतील.”

“तू आत जा.”

“जाते. वाटून झाल्यावर डोळ्याला हात लावू नको.”

मी तोवर लावलेला होता.

रविवारी सकाळी शिनवार आला. बहिणीच्या बाजूचा साक्षीदार म्हणून आलो, असं त्याने सांगितलं, पण डोक्याला पागोटं नव्हतं. “भातापासून धडा घेतला,” तो म्हणाला आणि रेड्यापासून दहा हात लांब नारळाला टेकून बसला.

या वेळी मी कोळसा ढीग करून टाकला नाही. भांड्याच्या काठाने अर्ध्या गोलात त्याची ओळ रचली, गाडीला गाडी जोडावी तशी. ओळीच्या वर अधूनमधून जांभळाची ढलपी. एका टोकाला चार लाल निखारे ठेवले. आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आपल्या पायांनी चालत जाईल. भट्टीत ती तशीच चालते. पांढरा धूर गेला, पिवळा गेला. निळा आला. हात वरच्या झडपेकडे निघाले, तेव्हा मी ते पाठीमागे बांधून उभा राहिलो.

“आता!” कप्तान ओरडले. “ठेव!”

फरा ठेवला. झाकण घातलं. पण झाकणाच्या कडेने धूर गळत होता आणि काटा ओरखड्याच्या पुढे जायला लागला. मी शांतपणे आळ्यातली ओली माती आणली आणि झाकणाची सगळी कड लिंपून टाकली.

कप्तानची किंकाळी खाडीपर्यंत गेली असेल. “अरे, अमेरिकेहून आलंय ते! माती काय फासतोस?”

“वरची भोकं मोकळी हायेत, कप्तान. खालची बोटभर उघडी. हंडी नाय फुटायची.”

शिनवार आणखी पाच हात मागे सरकला.

काटा हळूहळू मागे आला आणि बरोबर ओरखड्यावर थांबला. कप्तानने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “माती तर माती.”

आता सहा तास उघडून बघायचं नव्हतं. मातीने तो प्रश्नच मिटवला होता. त्यामुळे हिरीची मात्र पंचाईत झाली. तासातासाला ती काही ना काही काढून यायची. कोथिंबीर तोडायला. मांजर बघायला. कोथिंबीर रेड्याजवळ उगवतच नव्हती.

“जरा झाकण वर कर ना,” ती म्हणायची. “एक बोट.”

“नाय.”

“आत मेलं असंल.”

“ते आधीच मेलेलं हाय.”

“कोंबडी अंड्यावर बसते तसा बसलायस.”

“मंग अंडं फोडून कशाला बघायचं?”

शिनवार नारळाखालून म्हणाला, “लग्न झाल्यावर असंच बोलणार का रं हा? आधीच ठरवून घे, बाय.”

दुपार कलायला लागली आणि समुद्राकडून वारा सुटला. रोज सुटतो, पण रोज मला त्याच्याशी देणंघेणं नसतं. वारा खालच्या भोकांत घुसला. धूर दाटला, काटा ओरखडा सोडून पुढे निघाला. खालचा दांडा मी ओढून पाहिला, तर तो राखेने अडकलेला. हलेना. आग माझ्या ओळीवरून चालायची सोडून धावत होती. अजून दोन तास बाकी होते आणि ती अशीच धावली असती तर अर्ध्या तासात सगळा कोळसा संपून आत फऱ्याचं हाडच उरलं असतं.

गोठ्याचा नारळाच्या झापांचा तट्टा पडलेला होता, तो उचलला आणि वाऱ्याच्या बाजूला धरून उभा राहिलो. तट्टा माझ्यापेक्षा रुंद. एक टोक धरलं की दुसरं फडफडायचं. कप्तान वरच्या भोकांशी चिमट्याने खटपट करत होते. धूर फिरून माझ्याच तोंडावर येत होता आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. शिनवारला हाक मारली, तर तो म्हणाला, “मी साक्षीदार हाय. साक्षीदाराने हात लावला तर निकाल खोटा ठरतो.”

तट्ट्याचं दुसरं टोक एकदम स्थिर झालं.

“मी रांधत नाय हां,” हिरी म्हणाली. “मी नुसता तट्टा धरतेय.”

असे आम्ही दोघं उभे राहिलो. मध्ये झापांचा तट्टा, पाठीला वारा, पुढे रेडा. काटा हळूहळू माघारी आला. मी काट्याकडे बघत होतो. ती बोलल्याशिवाय राहणार नव्हती.

“रडतोयस का?”

“धूर हाय.”

“मी पण तेच सांगायची. भट्टीवर चुलीपाशी बसलं की डोळे गळायचे. कुणी विचारलंच तर मी म्हणायची, धूर हाय.” तिने तट्टा सरळ केला. “तुझी बारकी रांधायची तवा काय बोलायची?”

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. बारकीची चूल भट्टीच्या मागच्या अंगाला असायची. भाकरी यायची. ती गरम असायची. ती कुणी आणून ठेवली, ठेवताना काय म्हटलं, तिने स्वतः कधी खाल्लं, यातलं काही माझ्याकडे नव्हतं. मला त्या वर्षांतला धूर मात्र दिवसागणिक सांगता आला असता.

“मला ठाऊक नाय,” मी म्हटलं. “मी भट्टीकडे बघायचो.”

हिरीने मान हलवली. रागावली नाही, हसलीही नाही.

“तू जेवलीस का?” मी विचारलं.

“काय?”

“दुपार गेली. सकाळपासून काय खाल्लंस?”

तिने तट्टा या हातातून त्या हातात घेतला. “कप्तानला वाढलं. शिनवारला वाढलं. तुझी भाकरी झाकून ठेवलीय.”

“तुझं विचारतोय.”

“आज मला तुझ्या हातचं खायचंय ना?” ती म्हणाली. “पोटात जागा ठेवलीय. वाईट झालं असंल तर उपाशी मरीन आन तुझ्या मानेवर बसेन.”

वारा पडला तेव्हा उन्हं पोफळींच्या खोडांपर्यंत उतरली होती. धूर आता दिसेनासा झाला होता. नुसता वास येत होता, जांभळाचा, चरबीचा आणि लसणाचा. मी खुरप्याने माती फोडली. सगळे जवळ आले. शिनवारसुद्धा. मी झाकण उचललं.

आत एक मोठा काळा गोळा होता.

करपल्यासारखा नव्हे, तर चांगला काळा. नीट पडलेल्या कोळशासारखा काळा. जन्मभर ज्या रंगावर मी खूश झालो होतो, तोच रंग जाळीवर बसला होता.

“अरे देवा,” शिनवार म्हणाला. “याने बोकडाचा कोळसा पाडला.”

कप्तान पुस्तक उलटसुलट करत होते. हिरीने माझ्याकडे पाहिलं, मग फऱ्याकडे. पदर कमरेला खोचला आणि दोन बोटांनी कडेचा तुकडा ओढला. तो आपसूक सुटला. आत मांस गुलाबी होतं.

“वरून जळालं, आतून कच्चं,” शिनवार म्हणाला. “कप्तानच्या कोंबडीचा भाऊ!”

“कच्चं असतं तर हाडाने सोडलं असतं का?” हिरी म्हणाली. पण हे ती स्वतःलाच सांगत असावी. तिने तो तुकडा नाकाशी नेला. मग तोंडात टाकला.

आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. ती चावत होती. चावता चावता तिने मागे न बघता हाताने स्वयंपाकघराची पायरी चाचपली आणि खाली बसली. तीन वर्षं मी त्या वाडीत होतो. हिरीला मी नेहमी दाराशी उभी राहून खाताना पाहिलं होतं, एक पाय आत, एक बाहेर, कुणी हाक मारली तर जायला तयार. बसून खाताना ती पहिल्यांदा दिसली.

“आण,” ती म्हणाली.

मी ताटली आणली. अख्खा फरा तिच्यापुढे ठेवला. शिनवारने हात पुढे केला, तिने तो फटकन मारला. कप्तान वाट बघत चिमटा धरून उभे होते, ते तसेच उभे राहिले. ती खात होती. घाई नव्हती. काळी साल आधी, मग आतलं, मग हाडालगतचं. एक हाड चोखून बाजूला ठेवलं, बोटं एकेक करून चाटली. 

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

झालं, असं मला वाटलं. कप्तानने मान खाली घातली.

हिरी उठली. पदराने तोंड पुसलं, उरलेल्या फऱ्याची ताटली उचलून माझ्या हातात दिली आणि आत जाता जाता म्हणाली, “पुढल्या वेळी जरा जास्त टाक.”

कप्तानने आयुष्यात इतकी पुस्तकं वाचली होती, पण त्यांना काही कळलं नाही. ते मला समजवायला लागले, “पुन्हा एकदा प्रयत्न करू, गोमा, निराश होऊ नकोस.” मलाही उमजत नव्हतं. शिनवारला आधी कळलं. पाच वर्षं भट्टीवर तो मला अरे-तुरे करत आला होता, शिव्या देत आला होता. तो पुढे आला, त्याने माझ्या हातातली ताटली अदबीने घेतली आणि म्हणाला,

“ऐकलंत ना, दाजी? आता तरी मला एक तुकडा द्या.”

लग्नात कप्तानने आम्हाला रेडा दिला. तो अजून आमच्या अंगणात आहे. एक पाय गंजून गेला, तिथे मी दगड लावलाय. एक चाक शिनवारच्या नातवंडांनी खेळायला नेलं. बऱ्याच वर्षांनी आमच्या वाडीत म्हाताऱ्यांचा साक्षरतेचा वर्ग निघाला. पाटीवर आकडे शिकलो त्या दिवशी मी घरी येऊन आधी झाकणाची चकती पुसली. खिळ्याचा ओरखडा दोनशे पंचवीसवर आहे. हिरीला सांगितलं. ती म्हणाली, “मग? त्याने काय जास्त शिजणार हाय?”

दर रविवारी मी रांधतो. ती पायरीवर बसून खाते आणि शेवटी बोटं चाटून म्हणते, मीठ कमी हाय, पुढल्या वेळी जास्त टाक.

किती मीठ लागतं ते मला केव्हाच कळलंय. पण मी अजून कमीच टाकतो.